जिनिव्हात इंटर्नशिप करायची आहे? आधी पंचनामा लिहायला शिका

जिनिव्हातल्या एका छोट्या संस्थेत इंटर्न म्हणून मला पहिलं काम मिळालं ते एक परिच्छेद लिहिण्याचं. साधारण एकशेवीस शब्दांचा. महाराष्ट्रातल्या एका शहरात ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेला एक सफाई कामगार गुदमरून गेला होता, त्याच्याबद्दल. घटना माझ्या माहितीतली होती. त्याच्या घरी मी स्वतः दोनदा जाऊन आले होते. तासाभरात हातावेगळं होईल असं धरून बसले आणि त्याला नऊ दिवस लागले.

आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या कामात यायचं म्हणणारी मुलं-मुली मला विचारतात ते बहुतेक अर्जाबद्दल: फॉर्म कुठे भरायचा, सीव्ही कसा हवा, ओळख लागते का. त्याची उत्तरं खाली देतेच. पण इंटर्न म्हणून दिवसभर जे करावं लागतं ते म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यात घडलेली गोष्ट अचूक लिहिणं, आणि त्याची तयारी जिनिव्हाला जाण्याच्या दोन वर्षं आधी, आपल्याच गावात सुरू करता येते. म्हणून लेखाचा जास्त भर तिकडे आहे.

आधी यंत्रणा ओळखा

"मला यूएनमध्ये काम करायचंय" हे वाक्य फार मोघम आहे. जिनिव्हातच मानवी हक्कांची चार वेगवेगळी दुकानं आहेत आणि प्रत्येकात इंटर्नचं काम वेगळं.

पहिली, मानवी हक्क परिषद. २००६ साली स्थापन झाली. ४७ सदस्य देश, वर्षातून तीन नियमित अधिवेशनं: फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, जून-जुलैत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. इथे सरकारं बोलतात, ठराव होतात. यूपीआर (युनिव्हर्सल पिरिऑडिक रिव्ह्यू) नावाचा आढावाही हिच्याच अखत्यारीत येतो. त्यात जगातल्या प्रत्येक देशाला साधारण साडेचार-पाच वर्षांनी इतर देशांसमोर बसून आपल्या कामगिरीचा हिशेब द्यावा लागतो. भारताचा असा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ साली झाला.

दुसरं, मानवी हक्क उच्चायुक्तांचं कार्यालय. हे संयुक्त राष्ट्रांचं पगारी कर्मचारी असलेलं खातं, मुख्यालय वर्षानुवर्षं लेमान सरोवराच्या काठावर पॅले विल्सन या जुन्या हॉटेलच्या इमारतीत राहिलेलं. तिसरं, करारांच्या समित्या. एखाद्या देशानं एखादा करार मान्य केला की तो पाळला जातो का, हे स्वतंत्र तज्ज्ञांची समिती तपासते. भारतानं वंशभेदाविरुद्धचा करार १९६८ साली, नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचे दोन्ही करार १९७९ साली, बालहक्कांचा १९९२ साली, स्त्रियांविषयीचा १९९३ साली आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००७ साली मान्य केला. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ साली सही झाली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. या तारखा पाठच करून टाका. कोणत्या दारावर टकटक करता येते हे त्यावरून ठरतं.

चौथे, स्पेशल रॅपोर्टर. एकेका विषयावर किंवा देशावर नेमलेले हे तज्ज्ञ पगार न घेता काम करतात. त्यांच्याकडे तक्रार गेली की ते संबंधित सरकारला पत्र लिहितात. आरोपाबाबतच्या पत्राला उत्तर द्यायला साधारण ६० दिवस असतात, त्यानंतर पत्र आणि आलेलं उत्तर दोन्ही जाहीर होतात. ही पत्रं वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात आणि नवख्या माणसासाठी यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही.

या सगळ्यांच्या भोवती स्वयंसेवी संस्था असतात. माझ्या मते पहिली इंटर्नशिप एखाद्या छोट्या संस्थेतच करावी. मोठ्या कार्यालयात एका अहवालाच्या तळटिपा जुळवण्यात तीन महिने जाऊ शकतात. छोट्या संस्थेत दुसऱ्या आठवड्यात तुम्ही परिषदेच्या सभागृहात बसलेले असता.

जाता जाता एक नाव. १० डिसेंबर १९४८ला मंजूर झालेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असे शब्द होते. त्या जागी "सर्व मानव" असे शब्द यावेत यासाठी आग्रह धरला तो मसुदा करणाऱ्या आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांनी. मुंबई विधान परिषदेच्या सदस्य राहिलेल्या या बाईंनी एका शब्दासाठी भांडण केलं आणि तो शब्द जगभर राहिला. जाहीरनामा एकूण ३० कलमांचा आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे. इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवून वाचा. दोन तासांचं काम आहे.

पैशाचा हिशेब अर्जाच्या आधी

हे कडू आहे, पण आधीच सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते आणि उच्चायुक्तांचं कार्यालय त्यातच येतं. राहणं, खाणं, विमान, व्हिसा, विमा, सगळं स्वतःचं. २०१५ साली न्यूझीलंडचा बावीस वर्षांचा एक इंटर्न जिनिव्हात सरोवराजवळ तंबू ठोकून राहिला, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. समानतेचं काम करणाऱ्या यंत्रणेत शिरायला ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच परवडावं, हे मला आजही पटत नाही आणि मी ते संधी मिळेल तिथे बोलते.

आकडे असे धरा. जिनिव्हात सामायिक घरातली एक खोली महिन्याला ७०० ते १,००० स्विस फ्रँक. साध्या हॉटेलात एक जेवण २० ते २५ फ्रँक, म्हणजे बाहेर खाणं विसरायचं. काटकसरीनं राहिलं तरी महिन्याचा खर्च दीड ते दोन हजार फ्रँक होतो. एका फ्रँकला शंभर रुपये धरले तरी महिन्याला दीड-दोन लाख, तीन महिन्यांचे साडेचार ते सहा लाख, वर विमानाचं भाडं.

एवढ्यासाठी कर्ज काढू नका. आईचे दागिने तर अजिबात गहाण टाकू नका. इंटर्नशिपनंतर नोकरी लागेलच याची कुणीही हमी देत नाही आणि २०२५पासून संयुक्त राष्ट्रांत पैशाची जी टंचाई आहे, तिच्यामुळे कायम जागाही आटल्या आहेत.

वाटा आहेत, त्या अशा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना इंटर्नना भत्ता देतात. ऊसतोड कामगार, बालमजुरी, घरकामगार यांवर काम केलेल्या मुलांनी कामगार संघटनेकडे जरूर बघावं, विषय थेट जुळतो. काही स्वयंसेवी संस्था थोडंफार मानधन देतात. काही इंटर्नशिप आता घरी बसूनही करता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात ऑनलाइन काम मिळतं, वय १८ पूर्ण असलं की पुरे. बँकॉकसारख्या शहरात, जिथे आशियातल्या बऱ्याच मानवी हक्क संस्थांची कार्यालयं आहेत, खर्च जिनिव्हाच्या मानानं खूप कमी येतो.

आणि एक वाट मी स्वतः धरली ती. मी तेव्हा शिष्यवृत्तीवर युरोपात एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करत होते, त्यामुळे जिनिव्हा रेल्वेच्या अंतरावर होतं. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा तशा इतर योजना पदव्युत्तर शिक्षणासाठी असतात, इंटर्नशिपसाठी नसतात. पण तुम्ही तिकडे शिकायला जाणारच असाल तर अभ्यासक्रम निवडतानाच बघा, की त्यात इंटर्नशिपचे क्रेडिट आहेत का. नुसती इंटर्नशिप करायला भारतातून जाणं हा सर्वांत महाग मार्ग आहे.

पहिली दोन वर्षं घराजवळ

दिल्लीतल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची इंटर्नशिप पदवीच्या विद्यार्थ्यांना खुली असते, उन्हाळी आणि हिवाळी अशी, शिवाय छोट्या मुदतीची ऑनलाइनही. हा आयोग १९९३ साली कायद्यानं स्थापन झाला. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत आहे. तिथल्या सुनावण्यांची कामकाजपद्धत एकदा तरी समजून घ्या.

पण खरं शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. कोर्टात मोफत वकिली करणारे, कामगार संघटना, स्त्रियांसाठी समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या बायका, वनहक्काचे दावे भरून देणारे कार्यकर्ते: यांच्यापैकी कुणाकडे तरी सहा महिने बसा. माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहा, त्याचं अपील स्वतः करा. एफआयआरची प्रत मिळवायला पोलीस ठाण्यात किती खेपा होतात ते बघा. जिनिव्हातल्या मुलाखतीत मला जो प्रश्न सर्वांत लांबलचक विचारला गेला तो याच कामाबद्दल होता. एलएलएमबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात "आंतरराष्ट्रीय मानवाधिकार" अशा नावाच्या संघटना आहेत, ज्या पैसे घेऊन ओळखपत्र आणि "जिल्हाध्यक्ष" असं पद देतात, गाडीवर लावायला पाटीही देतात. आपल्याशी साधर्म्य असलेली नावं वापरणाऱ्या संस्थांबद्दल राष्ट्रीय आयोगानंच इशारे दिलेले आहेत. हे कार्ड सीव्हीवर टाकलंत तर अर्ज तिथेच संपतो. तसंच, संयुक्त राष्ट्रं अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर एक रुपयाही घेत नाहीत. "प्रोसेसिंग फी" मागणारा मेल आला की तो खोटा आहे, पुढे वाचूही नका.

पंचनामा

आता त्या परिच्छेदाकडे येते. हा सराव प्रत्येकानं घरी करावा असा आहे.

तुमच्या भागातली एक घटना घ्या. मी गटारातल्या मृत्यूची घेतली होती. सुरुवातीला मी लिहिलं ते असं होतं: "सुरक्षेची कोणतीही साधनं न देता ठेकेदारानं त्याला विषारी वायूनं भरलेल्या चेंबरमध्ये उतरवलं आणि प्रशासनाच्या बेपर्वाईनं आणखी एक बळी घेतला." वाक्य ऐकायला बरं वाटतं. सुपरवायझर बाईंनी त्यावर पेन्सिलीनं पाच प्रश्न लिहून कागद परत दिला. साधनं दिली नव्हती हे कोण म्हणतं? "उतरवलं" म्हणजे हुकूम दिला का, आणि तो कुणी ऐकला? वायू विषारी होता हे शवविच्छेदनाच्या अहवालात आहे का? ठेकेदार कुणाचा, नगरपालिकेचा की सोसायटीचा? "आणखी एक" म्हणजे आधीचे किती, आणि तो आकडा कुठला?

मला रागच आला होता. माणूस गेलाय, आणि या बाई क्रियापदाचा पुरावा मागताहेत! तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की त्या मागताहेत तो आपला पंचनामाच आहे. जागेवर जे दिसलं ते, ज्यानं पाहिलं त्याच्या नावानिशी, वेळेसकट, आणि वर पंचांची सही. सरकारी वकील सरकारतर्फे उत्तर देईल तेव्हा त्याला एकही सैल शब्द सापडता कामा नये. एक शब्द चुकला, की उत्तर त्या शब्दाला दिलं जातं आणि मेलेल्या माणसाचा विषय बाजूला पडतो.

म्हणून सराव असा करा. एका वहीत चार रकाने आखा. पहिल्यात काय घडलं, एका ओळीत एकच गोष्ट. दुसऱ्यात ते कुणाकडून कळलं: स्वतः पाहिलं, पाहणाऱ्यानं सांगितलं, की ऐकीव. तिसऱ्यात कागद: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ठेक्याचा करार, दवाखान्याची नोंद. चौथ्यात काय अजून माहीत नाही. चौथा रकाना रिकामा राहिला तर समजा की नीट विचारलेलं नाही.

मग कायदा जोडा. देशातला आधी. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३चा. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०१४चा, आणि ती रक्कम ३० लाख करणारा ऑक्टोबर २०२३चा. मग आंतरराष्ट्रीय: जगण्याचा हक्क, नागरी-राजकीय कराराचं सहावं कलम. कामाच्या जागी सुरक्षितता, आर्थिक-सामाजिक कराराचं सातवं कलम. आणि हे काम कोणत्या जातीच्या माणसाच्या वाट्याला येतं हे सांगायचं असेल, तर वंशभेदविरोधी समितीची २००२ सालची २९वी सर्वसाधारण शिफारस, जिच्यात जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातीचा समावेश स्पष्ट केला आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येकानं ही शिफारस वाचलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी शब्दमर्यादा. यूपीआरसाठी एका संस्थेला २,८१५ शब्दांत निवेदन द्यावं लागतं, अनेक संस्थांनी मिळून दिलं तर ५,६३०. त्यात एका देशाचे सगळे प्रश्न बसवायचे. त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला एक परिच्छेद येतो, कधी एक ओळ. तुमची घटना आधी पाचशे शब्दांत लिहा, मग दोनशे, मग शंभर. शंभरातही तारीख, जागा, जबाबदार यंत्रणा आणि मागणी उरली पाहिजे.

व्हिडिओ आणि फोटो तपासणंही शिकून घ्या: सावलीवरून वेळ, पाटीवरून जागा, तोच व्हिडिओ आधी कुठे आला होता का. उच्चायुक्त कार्यालय आणि बर्कलेच्या विद्यापीठानं मिळून २०२०मध्ये यासाठी बर्कले प्रोटोकॉल ही मार्गदर्शिका काढली, ती फुकट मिळते. छळाच्या तपासासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल आणि संशयास्पद मृत्यूंसाठी मिनेसोटा प्रोटोकॉल. तिन्ही पूर्ण वाचायची गरज नाही, अनुक्रमणिका चाळून ठेवा म्हणजे गरज पडली की उघडता येतात.

अर्ज

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयासाठी अर्ज त्यांच्या करिअर्सच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षात, पदव्युत्तर शिक्षणात, किंवा पदवी मिळून एक वर्ष झालेलं नसेल तरच पात्रता. कालावधी दोन ते सहा महिने. आई-वडील किंवा भावंडं सचिवालयात नोकरीला असतील तर अर्ज चालत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा चांगली हवी.

वर्षाची ती अट बऱ्याच जणांना उशिरा कळते. निकाल लागला, वर्षभर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, मग अर्जाला बसले, तोवर दार बंद. अर्ज शिकत असतानाच करा.

स्वयंसेवी संस्थांना थेट मेल करायचा. संस्थेची निवड तिच्या नावावरून करू नका, तिनं गेल्या दोन वर्षांत काय लिहिलंय ते वाचून करा. कव्हर लेटर एक पान. "लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे" असं पहिलं वाक्य शेकडो पत्रांत असतं. त्याऐवजी तुम्ही केलेलं एक काम सांगा, आकड्यांसकट: किती दावे भरले, किती मंजूर झाले, कुठे अडलं. मग संस्थेच्या एका अहवालातली एक गोष्ट, जिच्यात तुम्ही भर घालू शकता. मग तारखा आणि खर्च कसा भागवणार ते. बस्स. सोबत लेखनाचा नमुना मागतात, तिथे वरचा शंभर-दोनशे शब्दांचा सराव कामी येतो. कॉलेजातला तीस पानी प्रबंध पाठवू नका.

मराठी येतं हे सीव्हीत ठळक लिहा. हिंदी, कोकणी, गोंडी, अहिराणी, जी येत असेल ती. पीडित माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येणं हे या कामातलं मोठं कसब आहे आणि आपली मुलं ते लपवतात.

उत्तर येत नाही, हे गृहीत धरा. तीन आठवड्यांनी एक नम्र मेल, त्यानंतर गप्प. मी सव्वीस ठिकाणी लिहिलं, चार ठिकाणांहून उत्तर आलं, दोघांनी लेखी परीक्षा घेतली. ती बहुतेकदा अशीच असते: वीस पानांचा कागद देतात, पाऊण तासात एक पानाचा सारांश मागतात.

निघण्यापूर्वी

राहण्याचा कालावधी ९० दिवसांच्या आत की पुढे, यावर व्हिसाचा प्रकार बदलतो. संस्थेकडून पत्र आलं की त्याच दिवशी तयारीला लागा आणि कोणता व्हिसा हे संस्थेला लेखी विचारा. स्विस स्वयंसेवी संस्थांना युरोपबाहेरच्या इंटर्नसाठी परवाना मिळवणं जड जातं, म्हणून अनेक संस्था तिथल्याच विद्यापीठात शिकणाऱ्यांना पसंती देतात. आरोग्य विम्याशिवाय जाऊ नका. खोलीसाठी विद्यापीठाचं वसतिगृह आणि काजी या नावानं ओळखलं जाणारं जिनिव्हाचं स्वागत केंद्र इथे आधी बघा. खोली न पाहता पैसे पाठवू नका, फसवणूक तिथेही होते. सीमेपलीकडे फ्रान्समध्ये भाडं कमी असतं, पण तुमच्या व्हिसावर तिथे राहता येतं का ते आधी तपासा.

तिथले दिवस

प्लास दे नासिआँ या चौकात तीन पायांची प्रचंड लाकडी खुर्ची आहे, चौथा पाय तुटलेला. भूसुरुंगांनी पाय गेलेल्यांसाठी १९९७ साली उभारलेली. तिच्यासमोर पॅले दे नासिआँ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं जिनिव्हातलं मुख्यालय. बॅज घेऊन आत गेलं की बागेत मोर फिरताना दिसतात. परिषद भरते ते विसावं सभागृह. त्याच्या छतावर मिकेल बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराचं रंगीबेरंगी काम आहे, वरून रंग ठिबकून गोठल्यासारखं.

पहिल्या दिवशी मी बराच वेळ छताकडेच पाहत होते. मग बोलायला सुरुवात झाली आणि छत विसरले. स्वयंसेवी संस्थेच्या वक्त्याला साधारण दीड मिनिट मिळतं. दीड मिनिट झालं की माइक बंद. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई आपल्या बेपत्ता भावाबद्दल बोलत होत्या. त्याचं नाव त्यांनी शेवटी ठेवलं होतं आणि नावाच्या आधीच माइक बंद झाला. त्यांचे ओठ हलत राहिले. तेव्हापासून मी कुणाचंही भाषण लिहून देताना नाव पहिल्या वाक्यात घालते.

इंटर्नचा दिवस म्हणजे टिपणं. कोणता देश काय बोलला, कोणता शब्द वापरला, कोणता टाळला. "चिंता" की "तीव्र चिंता", "निषेध" की "खेद". संध्याकाळी दिवसाचं कामकाज संपलं की तासाभरात संस्थेला पानभर सारांश द्यायचा. सगळ्या कागदांना क्रमांक असतात: परिषदेच्या कागदावर आधी परिषदेची अक्षरं, मग अधिवेशनाचा आकडा, मग त्या कागदाचा. पहिल्याच आठवड्यात क्रमांकावरून कागद शोधायला शिका. दुपारी एकला शेजारच्या खोल्यांत छोट्या बैठका भरतात, तिथेच माणसांच्या ओळखी होतात. वेळेचा फरक लक्षात ठेवा, भारतात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे. गावाकडच्या माणसाला फोन करायचा असेल तर सकाळीच करा.

जड मजकूर रोज वाचावा लागतो. मारहाणीचे व्हिडिओ तपासताना आवाज बंद ठेवा, चित्र लहान करा, रंग काढून टाका. रात्री खोलीवर एकटं बसून बघू नका. झोप उडाली तर सुपरवायझरला सांगा. हे सांगणं कामाचाच भाग आहे.

विचारून लिहा

नवव्या दिवशी माझा परिच्छेद तयार झाला. नाव, गाव, तारीख, कागद, सगळं जुळलेलं. सुपरवायझरनी वाचला, मान हलवली आणि विचारलं, "त्यांच्या पत्नीचं नाव यात आहे. तिनं होकार दिलाय?"

मी म्हटलं, ती माझ्याशी तासभर बोलली होती, फोटोही काढू दिला होता.

"तुझ्याशी बोलायला दिला होता. हे छापायला दिलाय का?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. काय लिहिलंय ते सगळं मराठीत वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "सगळं खरं हाय ताई. पर नाव नगा घालू. पोरगं त्याच मुकादमाकडं लागलंय."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ते नाव तसंच गेलं असतं, तर वेबसाइटवर कायमचं राहिलं असतं आणि मुकादमाच्या मोबाइलवर पोचायला एक दिवस लागला असता. संयुक्त राष्ट्रांशी बोलल्याबद्दल ज्यांच्यावर सूड उगवला गेला अशांचा स्वतंत्र अहवाल सरचिटणीस दर वर्षी काढतात. मी तो आधी वाचलेला होता, परीक्षेसाठी. त्या फोननंतर पुन्हा वाचला.

तेव्हा संमती तीनदा घ्या: बोलायची, लिहायची आणि नाव-गावासकट जाहीर करायची. जाहीर होणं म्हणजे काय ते माणसाला कळेल अशा शब्दांत सांगा: "हे सरकारला दिसेल, इंटरनेटवर कुणालाही दिसेल, मागाहून पुसता येणार नाही." नको म्हणायचा हक्क आहे हेही तुम्हीच सांगा, कारण आपल्याकडे शिकलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. घरात अजून कोण कुठे कामाला आहे, ते विचारा. नाव काढलं तरी गाव, वय आणि मुलांची संख्या यांवरून माणूस ओळखू येतो. छोट्या गावात तर हमखास. माझ्या परिच्छेदातून गाव गेलं, जिल्हा राहिला, तारखेच्या जागी महिना आला. पुरावा संस्थेच्या कुलूपबंद फाइलमध्ये राहिला.

परतताना

शेवटचा आठवडा नीट वापरा. अर्धवट राहिलेल्या कामांची यादी लिहून द्या, शिफारसपत्र निघण्याआधी मागा, कारण सहा महिन्यांनी सुपरवायझर बदललेले असतात. स्वतःच्या लॅपटॉपवर, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर राहिलेली मुलाखतींची रेकॉर्डिंग आणि फोटो संस्थेकडे सोपवून आपल्याकडून पुसून टाका. आठवण म्हणूनही ठेवू नका.

आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना काय झालं ते कळवा. निवेदन पाठवलं गेल्यावर मी त्या बाईंना पुन्हा फोन केला आणि छापलेला परिच्छेद मराठीत सांगितला. नाव नव्हतं, गाव नव्हतं. भरपाईची रक्कम किती असायला हवी ते मात्र कोर्टाच्या निकालासह त्यात होतं, आणि तिला तोवर त्यातलं काहीही मिळालेलं नव्हतं हेही होतं.

ती म्हणाली, "ते पैशाचं परत एकदा वाचा. पोराला बोलावते, लिहून घेऊ द्या त्याला."

मी थांबले. तिकडे कागद शोधल्याचा आवाज आला. मग मी आकडा आणि निकालाची तारीख सावकाश, एकेक शब्द करून सांगितली.